डोळे आले, पण कशाने?

२०२३चा पावसाळा आठवा. जुलैमध्ये आळंदीत डोळ्यांची साथ दिसली. एकत्र राहणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या मुलांचे डोळे लाल झाले, आणि पाहता पाहता साथ राज्यभर गेली. थोड्याच दिवसांत जिल्हावार यादीत आपला शेजारचा बुलडाणा सगळ्यांत वर होता. बुलडाण्याहून पातूरला यायला साथीला वेगळे तिकीट काढावे लागत नाही. एसटीचा दांडा, शाळेचा बाक, वसतिगृहातला एकच टॉवेल, घरभर फिरणारा मोबाइल एवढे तिला पुरते. पातूर म्हणजे काही मुंबई नव्हे. पण जुन्या वस्तीत भिंतीला भिंत लागलेली घरे आहेत, एका खोलीत पाच-सहा माणसे झोपतात, नवरात्रात रेणुका मातेच्या टेकडीवर रांग लागते, शेख बाबूंच्या दर्ग्याला उरूस भरतो. साथीला लागणारी दाटी गावातही असते.

साथ आली की आपण काय करतो? मेडिकलवर जाऊन डोळ्यांत टाकायचे औषध मागतो. दुकानदार हाताशी असेल ती बाटली देतो. कुणी गुलाबजल टाकते, कुणी एरंडेल, कुणी बाळंतिणीचे दूध. आठ-दहा दिवसांत बहुतेकांचे डोळे आपोआप निवळतात आणि ज्याचे त्याचे श्रेय ज्याच्या त्याच्या बाटलीला जाते. डोळे आले हे सगळ्यांना दिसते. ते कशाने आले, हे विचारायच्या भानगडीत फारसे कुणी पडत नाही.

हा प्रश्न सूक्ष्मदर्शक घेऊन विचारणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणजे रॉबर्ट कॉख. क्षयाचा जंतू शोधणारे, कॉलऱ्याचा जंतू शोधणारे कॉख शाळेच्या पुस्तकात असतात. त्या दोन शोधांच्या मधल्या काही आठवड्यांत त्यांनी डोळे आलेल्या माणसांच्या पापण्यांतला पू तपासला होता, ही गोष्ट मात्र पुस्तकातून गळून गेली आहे. आज त्यांच्याविषयी लिहायचे ते त्या आठवड्यांमुळे.

रॉबर्टचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरातल्या क्लाउस्टाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाणखात्यात अधिकारी, घरात भावंडांची मोठी फौज. ग्यॉटिंगेन विद्यापीठात तो वैद्यक शिकला. तिथे याकोब हेन्ले नावाचे प्राध्यापक होते. साथीचे रोग जिवंत, सूक्ष्म जीवांमुळे होत असावेत, असे त्यांनी कॉखच्या जन्माआधीच लिहून ठेवले होते. पुरावा नव्हता, तर्क होता. १८६६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कॉख यांना लवकरच हँबर्गच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण पाहायला मिळाले. मग लग्न, इकडे-तिकडे दवाखाने, फ्रान्सविरुद्धच्या युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून सेवा, आणि १८७२ मध्ये वोलस्टाइन या गावी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक.

वोलस्टाइन आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ते काही हजार वस्तीचे, भोवती शेती असलेले गाव होते. आपल्याकडच्या भाषेत तालुक्याचे ठिकाण म्हणा. कॉख यांचे कामही तालुक्याच्या सरकारी डॉक्टराचेच: देवीच्या लसी टोचणे, मृत्यूचे दाखले देणे, घोडागाडीने खेड्यापाड्यांत फिरणे आणि वर खासगी रुग्ण पाहणे. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही, चर्चा करायला जवळपास दुसरा शास्त्रज्ञ नाही. दवाखान्याच्या खोलीत मध्ये पडदा टाकून त्यांनी पलीकडे आपले सामान मांडले. पडद्याच्या अलीकडे रुग्ण, पलीकडे सूक्ष्मदर्शक आणि उंदीर.

त्या भागात गुरे काळपुळीने, म्हणजे ॲन्थ्रॅक्सने मरत होती. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काड्यांसारखे जंतू दिसतात, हे आधीच कुणी कुणी पाहिले होते. पण ते रोगाचे कारण आहेत की रोगाचा परिणाम, हे ठरलेले नव्हते. कॉख यांनी लाकडाच्या बारीक कुसळाने ते रक्त उंदराला टोचले. तो मेला की त्याचे रक्त दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. पण रक्तात जंतूंखेरीज दुसरेही बरेच काही असते. जंतू वेगळे वाढवायचे तर त्यांना स्वच्छ आणि पारदर्शक अन्न हवे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ते वाढताना दिसतील. हे अन्न त्यांना कत्तलखान्यात मिळाले: बैलाच्या डोळ्यातले पाणी. बुबुळामागे जो निर्मळ द्रव असतो त्याचा एक थेंब काचेवर लटकवून त्यात त्यांनी जंतू सोडले आणि तासन् तास पाहत बसले. काड्यांचे लांब धागे झाले, धाग्यांत मण्यांसारखे बीजाणू धरले. हे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. एकाच कुरणात दरसाल गुरे का मरतात, याचे उत्तर त्यात होते. १८७६ मध्ये ब्रेस्लाउच्या विद्यापीठात फर्डिनांड कोन यांच्यासमोर त्यांनी हे सगळे करून दाखवले. तालुक्याच्या गावातला एक अनोळखी डॉक्टर तीन दिवसांत युरोपभर ओळखीचा झाला.

बर्लिनच्या आरोग्य कार्यालयात त्यांना १८८० मध्ये बोलावणे आले. तिथे त्यांनी मुख्य अडचण सोडवली. एका थेंबात दहा प्रकारचे जंतू असतील तर त्यांना वेगळे कसे करायचे? उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उगवतात आणि एक ठिपका म्हणजे एकाच जातीच्या जंतूंचे बिऱ्हाड, हे त्यांनी हेरले. बटाट्याच्या जागी जिलेटिन आले. ते उन्हाळ्यात वितळे. मग फॅनी हेस या सहकाऱ्याच्या पत्नीने सुचवले म्हणून अगर आले. आपल्या स्वयंपाकघरात त्याला चायना ग्रास म्हणतात. फॅनीबाईंनाही ते मुरंबे आणि जेलीमुळेच माहीत होते. जगभरच्या प्रयोगशाळा आजही त्याच अगरवर जंतू वाढवतात. बाईंचे नाव त्या शोधनिबंधांत आले नाही, हे जाता जाता सांगायला हवे.

२४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला. पुढच्याच वर्षी इजिप्तमध्ये कॉलरा उसळला आणि जर्मन सरकारने त्यांना अलेक्झांड्रियाला धाडले.

ऑगस्ट १८८३. अलेक्झांड्रिया म्हणजे बंदर, बाजार, अरुंद गल्ल्या, अनेक देशांची माणसे आणि माशा. ग्रीक रुग्णालयात जर्मन पथकाने बस्तान बसवले. फ्रान्सहून पाश्चर यांचे पथकही आले होते. दोन्ही देशांत हाडवैर, दोन्ही पथकांत चुरस. सप्टेंबरात फ्रेंच पथकातला लुई थुइलिए हा सत्तावीस वर्षांचा तरुण कॉलऱ्याने गेला. कॉख आणि त्यांचे सहकारी त्याच्या अंत्यविधीला गेले, पुष्पचक्रे वाहिली. तोवर शहरातला कॉलरा ओसरू लागला होता. तपासायला रुग्ण मिळेनात.

डोळ्यांचे रुग्ण मात्र हवे तेवढे होते. इजिप्तची डोळ्यांची साथ युरोपला चांगली ठाऊक होती. नेपोलियनचे सैन्य १७९८ मध्ये तिथे उतरले तेव्हा हजारो शिपायांचे डोळे आले, कित्येक आंधळे होऊन परतले. इंग्रज शिपायांनी तोच रोग घरी नेला, आणि १८०५ मध्ये लंडनला डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय निघाले, त्यामागे ही साथ होती. आज ते मूरफील्ड्स म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे डॉक्टर मंडळी या रोगाला इजिप्तचे डोळे अशा एकाच नावाने ओळखत होती. हवेतली धूळ, वाळवंटाची झळ, रात्रीचा गारवा, घाणीचा वास अशी कारणे सांगत होती.

कॉख यांनी पू घेतला, काचेवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यांना एक रोग दिसला नाही, दोन दिसले.

काही रुग्णांचे डोळे भयंकर सुजलेले, पू वाहता वाहता थांबत नाही, बुबुळ नासत चाललेले. त्यांच्या पुवात जोडीजोडीने बसलेले गोल जंतू होते. हे रूप ओळखीचे होते. आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये परम्याचा जो जंतू दाखवला होता, त्याच्यासारखे. दुसऱ्या रुग्णांचे डोळे लाल, चिकट, सकाळी पापण्या चिकटलेल्या, पण दृष्टी शाबूत आणि काही दिवसांत आराम. त्यांच्या पुवातल्या पेशींच्या पोटात अगदी बारीक, नाजूक काड्या होत्या. असा जंतू आधी कुणी नोंदवला नव्हता.

एवढेच. अहवालात या गोष्टीला फार जागा नाही. कॉख यांचे लक्ष कॉलऱ्यावर होते. पण वैद्यकाच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नव्हती. एका खोलीत, एका गल्लीत, एकाच महिन्यात दोन मुलांचे डोळे येतात. एकाचे आपोआप बरे होतात आणि दुसऱ्याची दृष्टी जाते. यात नशिबाचा किंवा औषधाच्या गुणाचा भाग नसून रोगच दोन असू शकतात, हे पहिल्यांदाच पुराव्यानिशी दिसले होते. आणि इजिप्तमध्ये तिसराही होता, खुपरीचा, ज्याचा जंतू पकडायला पुढे कित्येक दशके लागली.

बारीक काड्यांचे बिऱ्हाड कॉख यांना तेव्हा वाढवता आले नाही. या जंतूला वाढायला रक्तातले घटक लागतात, साधे अगर त्याला चालत नाही, हे नंतर कळले. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, जॉन वीक्स यांनी न्यूयॉर्कमध्ये डोळे आलेल्या रुग्णांत तोच जंतू पाहिला आणि सविस्तर वर्णन केले. दोघांच्या नावाने तो कॉख-वीक्स जंतू झाला. अलेक्झांड्रिया आणि न्यूयॉर्क, दोन्ही बंदरांची शहरे, दोन्हीकडे स्थलांतरितांच्या खोल्या माणसांनी खच्चून भरलेल्या.

या जंतूला किरकोळ समजण्याचे कारण नाही. १९८४ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात प्रोमिसाओ या छोट्या गावी लहान मुले ताप येऊन, अंगावर जांभळे डाग उठून एक-दोन दिवसांत दगावली. माग काढला तेव्हा कळले, की त्या मुलांचे काही दिवस आधी डोळे आले होते. जंतू कॉख यांचाच निघाला, पण रक्तात शिरण्याचे नवे बळ आलेला एक वाण.

अलेक्झांड्रियाहून कॉख कलकत्त्याला गेले. तिथल्या झोपडवस्तीतल्या तळ्यात लोक अंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. १८८४च्या सुरुवातीला त्यांनी कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा जंतू जाहीर केला. इटलीच्या फिलिप्पो पाचिनी यांनी तो तीस वर्षे आधी पाहिला होता, पण त्यांचे कुणी ऐकले नव्हते. कॉख बर्लिनला परतले ते राष्ट्रपुरुष होऊन.

इथून पुढे माणूस थोडा बदलतो. १८९० मध्ये त्यांनी क्षयावर औषध सापडल्याचे सूचित केले. ते कशाचे बनवले, हे सांगायचे टाळले. जगभरचे क्षयरोगी बर्लिनकडे धावले. ट्यूबरक्युलिन नावाच्या त्या औषधाने रोग बरा झाला नाही. काही रुग्ण त्याने दगावले. क्षयाचे निदान करायला मात्र ते उपयोगी ठरले. याच काळात त्यांनी पहिल्या पत्नीला सोडून आपल्याहून खूपच लहान असलेल्या हेडविग फ्रायबेर्गशी लग्न केले. बर्लिनमध्ये कुजबुज फार झाली. ते मग जवळजवळ कायमचे प्रवासाला लागले, आणि १८९६ मध्ये गुरांच्या बुळकांडीवर काम करायला दक्षिण आफ्रिकेत पोचले.

तिथून ते थेट मुंबईला आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. १८९७च्या मे महिन्यात कॉख जर्मन प्लेग पथकाचे प्रमुख म्हणून मुंबईत दाखल झाले. हाफकिन यांची लस काही महिन्यांपूर्वीच निघाली होती. दमणला ती टोचलेल्या आणि न टोचलेल्या लोकांत काय फरक पडला, हे जर्मन पथकाने जाऊन पाहिले. याच दिवसांत पुण्यात घरे तपासणाऱ्या शिपायांविरुद्ध संताप साचत होता. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. चाळीत एका खोलीत दहा माणसे, वर उंदीर, खाली गटार. मुंबईची ही दाटी मोडायला पुढच्या वर्षी शहर सुधार न्यास निघाला. त्याने रुंद रस्ते पाडले, हजारो खोल्या पाडल्या, पण पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. मग ती माणसे शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहू लागली.

याच चाळींत तीन पिढ्यांनी डोळ्यांची एक वेगळीच साथ आली, आणि तिथे कॉख यांच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा दिसते. ही मर्यादा त्यांच्या हयातीतच, त्यांच्याच सहकाऱ्याने दाखवून दिली होती. फ्रीडरिश लोफ्लर यांनी पॉल फ्रॉश यांच्याबरोबर १८९८ मध्ये गुरांच्या लाळ-खुरकतीवर काम केले. जनावराच्या फोडातले पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढले की कोणताही जंतू पार होऊ नये. तरीही त्या पाण्याने रोग झाला. म्हणजे जंतूंहूनही लहान काहीतरी होते. ते अगरवर उगवत नव्हते आणि सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हते. आज आपण त्याला विषाणू म्हणतो.

डोळ्यांच्या बहुतेक मोठ्या साथी या विषाणूंच्या असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गोदी कामगारांत डोळ्यांचा रोग इतका फैलावला की त्याला गोदीचे डोळे असे नाव पडले. डोळ्यात लोखंडाचा कण गेला म्हणून कामगार दवाखान्यात जात, आणि तिथल्या डॉक्टरांच्या हातांतून नि उपकरणांतून रोग घेऊन येत. तो ॲडिनो विषाणू होता, हे ५०च्या दशकात कळले. १९६९ मध्ये घानातल्या अक्रा शहरात डोळे रक्तासारखे लाल करणारी नवीच साथ आली. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला अपोलो म्हटले. दोन वर्षांत ती मुंबई आणि कलकत्त्यात होती. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते, म्हणून बंगाल्यांनी तिचे नाव ठेवले जय बांगला. घराण्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, १९७१ची ती साथ अनेकांना आठवते. बहुतेकांचे डोळे आठवड्यात बरे झाले. पण मुंबईत काही थोड्या रुग्णांचे डोळे निवळल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडले, पोलिओसारखे. डॉ. एडी भरुचा, डॉ. नोशिर वाडिया अशा मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला आणि १९७२ मध्ये जगासमोर मांडला. डोळे येण्याच्या त्याच एका नावाखाली हा आणखी एक वेगळा रोग निघाला. तो पोलिओच्याच कुळातल्या एका विषाणूने होत होता.

आता कॉख यांच्या आयुष्यातला शेवटचा आणि सगळ्यांत अवघड भाग. १९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुढच्या वर्षी ते पूर्व आफ्रिकेत गेले. व्हिक्टोरिया सरोवरातल्या सेसे बेटांवर निद्रारोगाने माणसे पटापट मरत होती. कॉख यांनी छावणी उभारली. त्सेत्से माशीने पसरवलेल्या या रोगावर तेव्हा एकच आशा होती, ॲटॉक्सिल नावाचे सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे एक औषध. थोड्या मात्रेत टोचले की रुग्णाला बरे वाटे, काही आठवड्यांनी रोग परत येई. कॉख यांनी मात्रा वाढवली. वीसहून अधिक रुग्णांची दृष्टी कायमची गेली. ॲटॉक्सिल डोळ्याच्या मज्जातंतूला मारते. घाबरलेले रुग्ण छावणी सोडून पळू लागले. हे लोक एका वसाहतीतले गरीब आफ्रिकी होते, त्यांची परवानगी कुणी घेतलेली नव्हती. बर्लिनच्या रुग्णांवर ही मात्रा इतक्या सहजी वाढवली गेली असती, असे मला वाटत नाही.

अलेक्झांड्रियात डोळ्यांचे दोन रोग वेगळे करणारा माणूस आणि सेसे बेटांवर डोळे घालवणारा माणूस एकच. चरित्र सांगताना यातले एकच सांगितले तर ते खोटे होईल. मला तरी या दोन प्रसंगांतला फरक एवढा दिसतो: पहिल्या ठिकाणी त्यांनी आधी काय आहे ते पाहिले, दुसऱ्या ठिकाणी हाताशी जे औषध होते तेच जोराने वापरले.

मेडिकलवरून आणलेल्या बाटलीकडे आता परत येऊ. त्यातल्या अनेक बाटल्यांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने लाली एका दिवसात उतरते, म्हणून ती बाटली लोकप्रिय आहे. विषाणूने डोळे आले असतील तर प्रतिजैविक त्याला काही करत नाही आणि स्टेरॉइडने विषाणू डोळ्यात जास्त दिवस राहू शकतो. नागिणीच्या कुळातला विषाणू असेल तर बुबुळावर व्रण पसरतो. दीर्घकाळ वापरले तर काचबिंदू होतो. आपल्या भागात आणखी एक धोका आहे. सोयाबीन काढताना, तूर झोडपताना डोळ्यात कुटार जाते, धांड्याचे पाते लागते. एक डोळा लाल होतो, दुखतो. घरात दोघांचे डोळे आलेले असतात म्हणून याचेही आलेच असे धरले जाते आणि तीच बाटली त्याच्याही डोळ्यात जाते. त्या जखमेत बुरशी शिरलेली असेल तर स्टेरॉइड म्हणजे तिला खत. फूल पडते, दृष्टी जाते. ग्रामीण भागातल्या नेत्रतज्ज्ञांना हे दृश्य नवे नाही.

म्हणून थोडे पाहून घ्यावे. दोन्ही डोळे लाल, पाणी वाहते, वाळू गेल्यासारखे खुपते, घरात किंवा वर्गात साथ आहे आणि नजर स्वच्छ आहे, तर बहुधा विषाणू. उकळून गार केलेल्या पाण्याने कापसाच्या बोळ्याने पुसणे, थंड पट्टी, साधे कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि धीर. दाट पिवळा पू येऊन पापण्या चिकटत असतील तर जंतू असण्याची शक्यता जास्त, तिथे डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाचा उपयोग होतो. बाहेरून पाहून हे नेहमी ओळखता येते असेही नाही, डॉक्टरही चुकतात. पण एकच डोळा लाल, ठणका, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे, डोळ्यात काही गेल्याची आठवण, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी व्यक्ती असेल, तर घरी एक दिवसही थांबू नये. जन्मून काही दिवसच झालेल्या बाळाच्या डोळ्यातून पू आला तर तासही मोजू नयेत. कॉख यांनी पाहिलेला तो जोडीजोडीचा जंतू बाळाला जन्माच्या वेळी आईकडून लागू शकतो, आणि तो बुबुळ फार लवकर नासवतो.

आलेल्या डोळ्यांकडे पाहिल्याने डोळे येत नाहीत. काळा चष्मा लावला म्हणजे दुसऱ्याचे रक्षण झाले असेही नाही. फार तर आपला हात डोळ्याकडे कमी जातो, उजेड कमी टोचतो. रोग जातो तो हातातून. डोळा पुसलेला हात कडीला लागतो, कडीचा हात दुसऱ्याच्या डोळ्याला. ॲडिनो विषाणू कोरड्या वस्तूवर कित्येक दिवस टिकून राहतो, आणि सॅनिटायझरला तो फारसा बधत नाही. साबण आणि वाहते पाणी जास्त भरवशाचे. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळाची डबी आणि ड्रॉपची बाटली ज्याची त्याची वेगळी. मुलाला डोळ्यातून पाणी येते तोवर शाळेत पाठवू नये. वसतिगृहात हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण, कारण तिथे मुलांना प्रत्येकी एक टॉवेलच नसतो. गुरुजींना उपदेश करण्याआधी कुणीतरी टॉवेल पुरवायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉख २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन इथे हृदयविकाराने वारले, वय ६६. त्यांच्या अस्थी बर्लिनमधल्या त्यांच्याच संस्थेत ठेवल्या आहेत. डोळ्यांच्या त्या बारीक जंतूवरून मात्र पुढे कॉख यांचेही नाव गेले आणि वीक्स यांचेही. आता शास्त्रीय पुस्तकात तो हिमोफिलस इजिप्शियस आहे; रक्तावर वाढणारा, इजिप्तचा.